थंड गाडीतली ओली काडी

डेलमार एप्रिलात गेला. बर्फ वितळून रस्त्यांच्या कडेला राड झाली होती, आणि त्या राडीत बूट माखून अख्खं गाव चर्चमध्ये आलं. शेतीचं काय करणार, गायी विकणार का, मिलवॉकीला मुलीकडे जाणार का, असं प्रत्येकाने विचारलं. शेडमधल्या गाडीचं काय करणार, हे एकानेही विचारलं नाही. त्या गाडीचा विषय मार्लिससमोर काढायचा नाही, हे गावाला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे.

मार्लिस म्हणजे मी, डेलमारची बायको. माझा भाऊ रोलँड त्या गाडीत मेला.

लाल रंगाची, बुटकी, जर्मन स्पोर्ट्स कार. इंजिन मागे आणि डिकी पुढे. अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात, आमच्या तलावाभोवती जुन्या शर्यतींच्या आठवणीसाठी गाड्या फिरतात त्या शनिवारी, सेंट ॲन चर्चच्या डाव्या वळणावर ती घसरली आणि मेपलच्या झाडावर आदळली. पुढच्या डिकीत रोलँडने सगळ्यांसाठी बिअरच्या बाटल्या ठेवल्या होत्या. त्या सगळ्या फुटल्या. लोकांनी वास घेतला आणि निकाल देऊन टाकला की पोरगा प्यायलेला होता. माझ्या वडिलांनी तो निकाल ऐकला, बैठकीतला रोलँडचा फोटो उतरवला, आणि पुढे मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही.

मी त्या दिवशी सकाळी रोलँडसमोर बसले होते. त्याने तीन अंडी खाल्ली, दोन कप कॉफी प्यायली आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याची नक्कल करून मला रडेपर्यंत हसवलं. कॉफीखेरीज त्याच्या तोंडाला कसलाही वास नव्हता. पण एकवीस वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतं? मी सांगत राहिले, आणि लोक माझ्या खांद्यावर थोपटत राहिले. मग मी बोलायचं सोडलं. एकच प्रश्न माझ्यापाशी उरला. प्यायलेला नव्हता, तर गाडी घसरली का? त्या रस्त्यावर तो डोळे मिटून गाडी चालवू शकला असता.

डेलमारशी माझं लग्न पुढच्या वसंतात झालं. तोवर त्याने माझ्या वडिलांकडून ती चेपलेली गाडी मागून घेतली होती. वडील म्हणाले, "ने. माझ्या नजरेसमोरून ने." नऊ हिवाळे खपून डेलमारने ती पुन्हा उभी केली. मी त्याला खूप बोलले. "माणूस मारणाऱ्या जनावराला लोक गोळी घालतात," मी म्हटलं, "आणि तू त्याला चारा घालतोयस." डेलमार कमीच बोलायचा. आमच्याकडे याला शहाणपण समजतात.

गाडी तयार झाली आणि त्याचा रविवारचा नेम सुरू झाला. चर्च सुटलं की मी बेकरीतून गरम हॅम आणि कडक पाव घ्यायची. घरी आलो की तो कपडेही न बदलता शेडकडे. गाडी काढून तलावाला एक सावकाश फेरी, मग परत येऊन शेडसमोरच्या सिमेंटच्या फरशीवर गाडी उभी. ती फरशी त्याने स्वतः पाणसळ लावून, अगदी सपाट घातली होती. इंजिन चालूच ठेवायचा. मागचं झाकण उघडायचा, ऑइल बघायची लांब काडी काढायचा, फडक्याने पुसायचा, परत घालायचा, काढायचा आणि डोळ्यांजवळ धरून बघत राहायचा. पुन्हा पुसायचा, पुन्हा घालायचा. आमची हायडी लहान असताना जवळ गेली की हाताने मागे सारायचा. इतर कशालाही हात लाव म्हणायचा, काडीला नाही.

मी खिडकीतून ओरडायची, "अरे, हॅम थंड झालं! त्या काडीवर काय येशूचा चेहरा दिसतो का तुला?"

"आलोच गं," तो म्हणायचा. कधीच लगेच यायचा नाही.

तो गेल्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या रविवारची गोष्ट. मी सवयीने दोघांचं हॅम घेऊन आले होते आणि स्वतःलाच शिव्या घालत माझ्या गाडीतून उतरले. अंगणात तापलेल्या ऑइलचा वास होता. तीस वर्षं दर रविवारी यायचा तोच. शेडला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

मी कुलूप काढलं. गाडी जागेवरच होती, चाकांखाली कोरडा चिखल. दाराजवळच्या खिळ्याला त्याचं फडकं लटकत होतं, ते मी हातात घेतलं. ओलं होतं. कोमट होतं.

मी देवभोळी नाही. हायडी आली असेल, उंदरांनी काही सांडलं असेल, अशी कारणं जुळवत मी आठवडा काढला. पुढच्या रविवारी चर्चमधून आले तर पुन्हा तोच वास. या वेळी मी गाडीच्या मागे गेले, आयुष्यात पहिल्यांदा ते झाकण उघडलं आणि काडी ओढून काढली. काडीवर दोन खुणा होत्या. ऑइल बरोबर दोन्हींच्या मध्ये होतं, मधासारख्या रंगाचं, आणि बोटाला ऊब लागली. मग मी इंजिनावर तळहात ठेवला. ते बर्फातल्या पंपासारखं गार होतं.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला राग आला. मेल्यावरही तू आधी शेडमध्येच आलास, असं मनात आलं. घरात यायला काय झालं होतं?

एल्रॉय झास्ट्रोला मी जूनमध्ये बोलावलं. गावातलं गॅरेज त्याचं. डेलमार, रोलँड आणि तो शाळेपासूनचे जोडीदार. त्याला मी भुताबिताचं काही सांगितलं नाही. रविवारी जेवायला बोलावलं, आणि जेवायच्या आधी म्हटलं, "जरा गाडीचं ऑइल बघ. विकायची म्हणते."

"थंड आहे ना गाडी?" तो दारातच थांबून म्हणाला. "मग आता बघून उपयोग नाही."

"का? ट्रॅक्टरचं आपण सकाळी थंडच बघतो."

"ट्रॅक्टरचं ऑइल त्याच्या पोटात असतं. थंड झालं की सगळं तळाला बसतं, म्हणून तेव्हा बघायचं. हिचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं, उजव्या मागच्या चाकापाशी, आणि काडी त्या टाकीत. गाडी उभी राहिली की ऑइल हळूहळू टाकीतून इंजिनात उतरतं. आठवडाभर उभ्या गाडीत काडी घाल, कोरडी ठाक निघेल. हिचं बघायचं ते गरम, चालू, आणि सपाट जागेवर. तिन्ही पाहिजेत. एक जरी नसेल तर काडी खोटं बोलते."

"बरं बाबा. तरी एकदा काढून दाखव."

"तुझा हट्ट," म्हणत तो आत गेला आणि त्याने काडी काढली.

काडीच्या टोकावरून एक थेंब त्याच्या बुटावर पडला. त्याने काडीला बोट लावून पाहिलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"कोणी चालवली ही?"

"कोणी नाही. तो गेल्यापासून कोणीच नाही."

"मार्लिस, थट्टा करू नकोस."

"थट्टा करायला मला दुसरं काही मिळालं नाही का? इंजिनाला हात लाव."

त्याने लावला. मग काडी जागच्या जागी घातली, झाकण हळूच बंद केलं आणि टोपी काढली. मी त्याला विचारलं, "एल्रॉय, मेलेला माणूस असं का करेल?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेडला कुलूप लाव. आणि गाडी लवकर विक." हॅमला हातही न लावता तो निघून गेला. पन्नास वर्षांत एल्रॉय झास्ट्रोने माझ्या घरचं जेवण सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याला काहीतरी ठाऊक आहे, हे मला तेव्हाच कळलं. त्यानंतर मी फोन केला की त्याला नेमकं काम असायचं.

उन्हाळाभर मी दर रविवारी काडी काढत राहिले, आणि ती दर रविवारी तशीच निघत राहिली. ओली, उबदार, दोन खुणांच्या मध्ये. हळूहळू मला त्याची सवय झाली. मी शेडमध्ये उभी राहून त्याला आठवड्याची खबर सांगायची, कुठली गाय व्याली, कोणाचं लग्न मोडलं. रडायची नाही. तो जिवंत होता तेव्हा इतकं निवांत ऐकत नसे.

सप्टेंबरात हायडी आली. छत्तीस वर्षांची आहे, आणि हट्ट बापाचाच. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तळलेले मासे खायला गेलो होतो, तिथे ब्रँडीचा दुसरा ग्लास समोर आल्यावर ती म्हणाली, "आई, उद्या फेरीत मी बाबांची गाडी नेणार. एकदाच. मग विकू."

"नाही."

"शेरीफची गाडी पुढे असते, सगळे रांगेत जातात. सायकलवाले आम्हाला मागे टाकतील."

"त्या दिवशीही रांगच होती, हायडी."

"रोलँडमामा प्यायलेला होता. मी नसेन."

मी हातातला काटाचमचा खाली ठेवला. माझ्या पोटच्या पोरीच्या तोंडूनही तेच. "तो प्यायलेला नव्हता," मी म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. ते थोपटणं मला पुरतं ओळखीचं होतं. मी पुढे काही बोलले नाही, आणि तिने तो होकार समजला.

शनिवारी सकाळी ती माझ्या आधी उठली. मी कॉफी घेऊन अंगणात गेले तर शेडचं दार सताड उघडं, गाडीचं मागचं झाकण वर, हायडीच्या एका हातात काडी आणि खाली जमिनीवर ऑइलचे दोन डबे.

"बघ, आई! एक थेंब नाही. अशी नेली असती तर इंजिन गेलं असतं."

काडी खरंच कोरडी होती. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मी ती कोरडी पाहिली. पण रविवारखेरीज मी कधी काढलीच कुठे होती?

"थांब," मी म्हटलं. "हिचं थंड बघत नाहीत. एल्रॉय म्हणत होता, ते इंजिनात उतरतं..."

"आजोबांनीच मला ट्रॅक्टरवर शिकवलंय, सकाळी, कामाच्या आधी, थंड." ती हसली. "तू कधीपासून मेकॅनिक झालीस?" आणि तिने डब्याचं झाकण फिरवून काढलं.

तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली. फेरीसाठी निघालेला एल्रॉय आपल्या ट्रकचं दार उघडंच टाकून धावत येत होता. दोन्ही गुडघे बदललेला माणूस, तो कसा धावला देव जाणे. त्याने हायडीच्या हातातला डबा असा उडवला की ऑइल त्याच्या शर्टावर, तिच्या केसांवर, सगळीकडे उडालं.

"ओतू नकोस! त्यानेही असंच ओतलं होतं!"

हायडी केसांतून ऑइल निपटत त्याच्याकडे बघत राहिली. मला मात्र त्या एका वाक्यात सगळं कळलं होतं. तरी मी विचारलं, कारण ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायला मी एक्केचाळीस वर्षं थांबले होते.

"कोणी, एल्रॉय?"

तो उलट्या बादलीवर बसला. "तुझ्या आईच्या अंगणात. रोलँड आत तुझ्यासोबत खात होता. डेलमार म्हणाला, मेव्हण्याची गाडी बघून ठेवू, त्याला फेरीआधी काही करायला नको. काडी काढली तर कोरडी. आम्ही दोघं शेतकऱ्यांची पोरं. आम्ही आयुष्यात ट्रॅक्टरखेरीज काही बघितलं नव्हतं. दोन डबे ओतले तरी काडी नीट भरेना, म्हणून तिसरा. डबे मी हातात देत होतो, मार्लिस. मीच देत होतो."

"आणि मग?"

"गाडी तापली की इंजिनातलं सगळं ऑइल टाकीत परत येतं. टाकीत जागाच उरली नाही. ते वरून बाहेर आलं. टाकी उजव्या मागच्या चाकापाशी. सेंट ॲनचं वळण डावं, सगळा भार उजव्या चाकावर..." त्याने तोंड पुसलं, त्यामुळे ऑइल आणखीच पसरलं. "टायर आम्ही पाहिला होता. चकाकत होता. पण तोवर सगळे बिअरचंच बोलत होते. डेलमार तुझ्या वडिलांना सांगायला निघाला होता. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेला. मग म्हणाला, सांगितलं तर मार्लिस मला सोडून जाईल."

"आणि तू?"

"मला त्याने गप्प बस म्हटलं. आणि मला तेच हवं होतं."

मी दोघांना शेडबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आत मी काय काय बोलले, ते हायडीने बाहेर ऐकलं आणि आजवर मला कधी त्याबद्दल विचारलं नाही. माझ्या वडिलांनी पोराचा फोटो उतरवला तेव्हा तू भिंतीपाशी उभा होतास, मी म्हटलं. खिळा तू उपटलास. माझी आई ताटांच्या कपाटात लपवून तो फोटो बघायची, तेही तुला माहीत होतं. एक वाक्य होतं, डेलमार. एक वाक्य तुझ्याच्याने बोलवलं नाही, आणि दर रविवारी मला हे नाटक दाखवत राहिलास. मी त्या गाडीच्या टपावर मूठ आपटली. आजसुद्धा स्वतः थांबवायला आला नाहीस, एल्रॉयला पाठवलंस. मला नको तुझी काडी. आता येऊ नकोस. पुन्हा येऊ नकोस.

मग मी बाहेर आले आणि हायडीला म्हटलं, "केस धू. गाडी काढ. मी शेजारी बसणार."

तलावाला सावकाश फेरी मारून आम्ही परत आलो. सिमेंटच्या फरशीवर गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं. एल्रॉयने हायडीच्या हातात काडी दिली आणि तिने ती पुसली, घातली, काढली. ऑइल दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये होतं. एक थेंबही घालायची गरज नव्हती. हायडीने जमिनीवरचे डबे पायानेच दूर सारले.

मग गाड्यांच्या फेरीत आम्ही सातव्या की आठव्या होतो. सेंट ॲनच्या वळणावर हायडीने वेग इतका कमी केला की मागच्याने भोंगा वाजवला. मी काच खाली करून रोलँडला मोठ्याने हाक मारली, अंगणातून जेवायला हाक मारावी तशी. नंतर मैदानात सगळे ब्रॅटवुर्स्ट सॉसेज भाजत उभे होते तिथे मी एल्रॉयला दंडाला धरून नेलं आणि त्याला सगळं सांगायला लावलं. त्याने सांगितलं, शर्टावर तेच ऑइल घेऊन. त्या वेळचे जे म्हातारे उरलेत त्यांचं चावणं थांबलं. कोणीतरी नेहमीसारखा माझ्या खांद्याकडे हात नेला आणि मध्येच मागे घेतला.

घरी येऊन मी आईकडून माझ्याकडे आलेल्या ताटांच्या कपाटातून रोलँडचा फोटो काढून भिंतीवर लावला. शेजारी डेलमारचा होता. तो उतरवायला मी हात वर केला होता. पण एका भिंतीवरून एकदा असा फोटो उतरलेला मी पाहिलाय, म्हणून तो राहू दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधून आले. अंगणात पावाचा आणि गवताचा वास होता, दुसरा कसलाच नाही. खिळ्यावरचं फडकं वाळून कडक झालं होतं. मी काडी काढली. कोरडी होती. थंड उभ्या गाडीत असते तशीच.

सगळं बरोबर होतं. माझ्या भावाचं नाव स्वच्छ झालं होतं, माझी पोर जिवंत होती, आणि हाक मारून कधी लगेच न येणाऱ्या माणसाने 'येऊ नकोस' हे मात्र ऐकलं होतं. मी ती कोरडी काडी हातात घेऊन तिथेच खाली बसले आणि एप्रिलात रडले नव्हते ते सगळं रडले.

हायडी गाडी विकायचं आता म्हणत नाही. महिन्यातून एकदा येते, तलावाला फेरी मारते आणि ऑइल बघते. गरम, चालू, सपाट. मी मात्र दर रविवारी चर्चमधून आले की आधी शेडमध्ये जाते आणि थंड गाडीत काडी घालते. चुकीची पद्धत आहे, मला ठाऊक आहे. हॅम थंड होतं. तरी मी पुसते, पुन्हा घालते, काढते आणि डोळ्यांजवळ धरून बघते.